गचक्याचं गणित: बल, वस्तुमान आणि त्वरण

धावत्या बसमध्ये डोळे मिटून बसलात, तर बस ताशी ४० किलोमीटरनं चालली आहे की ६०नं, हे सांगता येणार नाही. इंजिनाचा आवाज, खिडकीतला वारा, चाकांची थरथर यांवरून अंदाज बांधाल, तेवढाच. पण ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की लगेच कळतं. वळण आलं की कळतं. थांबलेली बस निघाली की पाठ सीटमध्ये रुतते, तेही कळतं. वेग शरीराला जाणवत नाही, वेगात झालेला बदल जाणवतो. रोजच्या बोलण्यात त्याला गचका, हिसका, धक्का असे किती नेमके शब्द आहेत! या सगळ्यांच्या मुळाशी जे असतं, त्याला भौतिकशास्त्रात त्वरण म्हणतात.

बल = वस्तुमान × त्वरण. हे समीकरण शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पाठ असतं. दोन आकडे दिले की तिसरा काढता येतो, परीक्षेत गुणही मिळतात. मात्र एक प्रश्न विचारून पाहा. सरळ, सपाट रस्त्यावर एक मोटार ताशी ८० किलोमीटर या एकाच वेगानं चालली आहे. वेग कमी होत नाही, वाढतही नाही. तिच्यावरचं एकूण बल किती? ‘बरंच असणार, एवढ्या वेगानं चालली आहे म्हणजे’ असं उत्तर हमखास येतं. खरं उत्तर आहे शून्य. माझ्या मते हे शून्य पटलं की समीकरण समजलं, आणि ते पटेपर्यंत बाकी सगळी आकडेमोड वरवरची राहते. म्हणून आधी त्या शून्याकडेच जाऊ.

चाकांची एक ढकलगाडी घ्या. तिचं वस्तुमान २० किलोग्रॅम. घर्षण सध्या बाजूला ठेवू. तिला ४० न्यूटन बलानं सतत ढकलत राहिलं, तर त्वरण येतं ४० भागिले २०, म्हणजे २. पण २ काय? मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद. हा दोनदा आलेला ‘प्रति सेकंद’ घाईत वाचला की सगळा घोटाळा होतो. पहिला ‘प्रति सेकंद’ वेगाचा आहे, दुसरा सांगतो की हा वेग दर सेकंदाला किती बदलतो. म्हणजे एका सेकंदानंतर गाडीचा वेग २ मीटर प्रति सेकंद, दोन सेकंदांनंतर ४, तीन सेकंदांनंतर ६. हात तेवढाच जोर लावतो आहे, वेग मात्र वाढत चालला आहे. आता हात काढून घ्या. वेग शून्यावर येत नाही. तो ६ वरच राहतो आणि गाडी त्याच वेगानं पुढे जात राहते.

बँकेतल्या खात्याची उपमा इथे चपखल बसते. बल म्हणजे खात्यात पडणारी जमा, वेग म्हणजे शिल्लक. जमा थांबली म्हणून शिल्लक नाहीशी होत नाही, फक्त वाढायची थांबते. उलट्या दिशेचं बल म्हणजे खर्च. शिल्लक मोठी आहे यावरून या महिन्यात किती जमा झालं हे कळत नाही, तसंच वेग जास्त आहे यावरून आत्ता बल किती लागतं आहे हे कळत नाही.

या हिशेबातला न्यूटन म्हणजे किती, तेही सांगून टाकतो. १ किलोग्रॅमच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदानं बदलणारं बल म्हणजे १ न्यूटन. साधारण १०० ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवली की हाताला जेवढा भार जाणवतो, तेवढं.

‘पण खरी ढकलगाडी हात काढला की थांबते!’ हा आक्षेप अगदी रास्त आहे. ॲरिस्टॉटललाही तसंच दिसलं होतं, आणि जोर लावल्याशिवाय गती टिकत नाही ही समजूत जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली. तिला मूर्खपणा म्हणता येत नाही, कारण आपण जिथे वावरतो तिथे खरोखर तसंच दिसतं. फरशीचं घर्षण, चाकाच्या आसाचं घर्षण, हवा या सगळ्यांचा जोर मागच्या दिशेला लागतच असतो, पण तो लावणारा हात दिसत नाही. म्हणून गाडी ‘आपोआप’ थांबली असं वाटतं. खरं तर तिलाही कुणीतरी थांबवलेलं असतं.

समजा आपल्या ढकलगाडीला घर्षणाचा विरोध १५ न्यूटन आहे. तुम्ही ४० न्यूटन लावलं तर तिच्या वाट्याला येतात २५, आणि त्वरण होतं १.२५. गाडी हवा तो वेग गाठल्यावर तुम्ही जोर कमी करून बरोबर १५ न्यूटनवर आणला, तर पुढे १५ आणि मागे १५. बेरीज शून्य, त्वरण शून्य, आणि गाडी त्याच वेगानं पुढे चालत राहते. मोटारीचंही हेच. इंजिन रिकामं बसलेलं नसतं, इंधनही जळत असतं. पण चाकांमुळे मिळणारा पुढचा रेटा आणि हवेचा व रस्त्याचा मागचा विरोध एकमेकांना पुरे पडलेले असतात. समीकरणातलं ‘बल’ म्हणजे कुणा एकाचा जोर नव्हे. वस्तूवर लागणाऱ्या सगळ्या बलांची दिशेसह केलेली बेरीज म्हणजे ते बल. पाठ्यपुस्तकांत त्याला असंतुलित बल म्हणतात. शब्द थोडा रुक्ष आहे, पण चुकीचा अर्थ लावायला त्यात जागा नाही.

विमानातून उडी मारणाऱ्या छत्रीधारी माणसाचं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात हे सगळं एकाच उडीत दिसतं. माणूस आणि त्याचं सामान मिळून ८० किलोग्रॅम धरू. पृथ्वी त्याला सुमारे ७८४ न्यूटन बलानं खाली ओढते. पहिल्या क्षणी हवेचा विरोध नगण्य असतो, त्यामुळे त्वरण ९.८. वेग वाढतो तसा विरोध वाढतो, असंतुलित बल घटतं आणि त्वरणही घटतं. इथे नीट लक्ष द्या. त्वरण कमी होत असतानाही वेग वाढतच असतो, फक्त सावकाश. अखेर हवेचा विरोध ७८४ न्यूटनवर पोचतो. तेव्हा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो आणि त्वरण असतं शून्य. उडीतल्या सर्वांत वेगवान क्षणी त्याच्यावरच्या बलांची बेरीज शून्य!

मग तो छत्री उघडतो. विरोध एकदम ७८४च्या कितीतरी वर जातो आणि असंतुलित बल वरच्या दिशेनं लागतं. त्वरण वर, पण माणूस अजूनही खालीच येतो आहे. यात विसंगती काहीच नाही. त्वरणाची दिशा म्हणजे वेगात कुठल्या बाजूची भर पडते ती दिशा, वस्तू कुठे चालली आहे ती नव्हे. अशा उडीच्या व्हिडिओत छत्री उघडणारा एकदम वर खेचला गेल्यासारखा दिसतो. तो वर गेलेला नसतो. त्याचं चित्रण करणारा अजून पूर्वीच्याच वेगानं खाली पडत असतो.

दिशेचा मुद्दा इथे पुढे नेतो. वेगाचा आकडा तोच राहिला पण दिशा वळली, तरी तो वेगातला बदलच असतो आणि त्याला बल लागतं. चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगानं फिरतो. हा आकडा फारसा बदलत नाही, दिशा मात्र सतत वळत असते. या वळण्याचं त्वरण काढलं तर सुमारे ०.००२७ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद येतं, आणि ते पृथ्वीकडे रोखलेलं असतं. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. ६०चा वर्ग ३६००. जमिनीजवळचं ९.८ हे त्वरण ३६००नं भागा, उत्तर येतं ०.००२७. न्यूटननं हा ताळा जुळवला, आणि झाडावरून पडणारं फळ व आकाशात न पडता फिरणारा चंद्र एकाच नियमात बसले. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की मला अजूनही भरून येतं.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ साली छापला गेला. त्यात हा दुसरा नियम आहे, पण आपण पाठ केलेलं समीकरण त्या रूपात नाही. तिथे लावलेलं बल आणि गतीच्या परिमाणातला बदल यांचं प्रमाण सांगितलं आहे. गतीचं परिमाण म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ज्याला आज आपण संवेग म्हणतो. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण या रूपातली समीकरणं यांत्रिकीचा सर्वसाधारण पाया म्हणून मांडली ती गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरनं, १७५०च्या सुमारास. न्यूटनच्याही आधी गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळे सोडून गती मोजली होती. सरळ खाली पडणारी वस्तू त्या काळच्या साधनांनी मोजता येण्याइतकी सावकाश पडत नव्हती, म्हणून त्यानं तिरप्या फळीनं पडणंच मंद केलं, आणि वेळ मोजली ती भांड्यातून वाहून गेलेल्या पाण्याचं वजन करून. समान कालखंडांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात येतात हे त्याला सापडलं. वेग दर खंडात सारखाच वाढतो आहे, याची ती खूण होती.

आता समीकरणाच्या दुसऱ्या टोकाला, वस्तुमानाकडे येऊ. वस्तुमान म्हणजे वस्तूचा हट्ट, असं मी म्हणतो. आहे त्या स्थितीत राहण्याचा हट्ट. थांबलेली वस्तू थांबून राहू पाहते, चालणारी चालत राहू पाहते. याचं शास्त्रीय नाव जडत्व. ४० न्यूटन बलानं २० किलोग्रॅमच्या गाडीला २ एवढं त्वरण मिळालं, तर त्याच बलानं ४० किलोग्रॅमच्या गाडीला १ मिळेल आणि २०० किलोग्रॅमच्या गाडीला ०.२.

घोटाळा होतो तो वस्तुमान आणि वजन यांत. बोलताना आपण ‘माझं वजन ६० किलो’ म्हणतो आणि व्यवहारात त्यानं काही बिघडत नाही. पण वजन हे बल आहे, पृथ्वीच्या ओढीचं. ६० किलोग्रॅमच्या माणसाचं वजन पृथ्वीवर सुमारे ५८८ न्यूटन आणि चंद्रावर साधारण ९७ न्यूटन. वस्तुमान दोन्हीकडे ६०च.

हा फरक १९९२च्या मे महिन्यात अवकाशात अगदी उघड दिसला. एंडेव्हर यानातल्या अंतराळवीरांना भलत्याच कक्षेत अडकलेला इंटेलसॅट ६ हा सुमारे ४ टनांचा उपग्रह पकडायचा होता. कक्षेत तो तरंगत होता, म्हणजे हाताला त्याचा भार काहीच नव्हता. एका अंतराळवीरानं खास बनवलेला दांडा लावून त्याला धरायचा प्रयत्न केला, तर तेवढ्या स्पर्शानंही उपग्रह हलून दूर सरकू लागला. रोखायला घर्षण नाही, त्यामुळे इवल्याशा बलानंही आलेली गती तशीच राहिली. आणि एकदा हललेल्या ४ टनांना थांबवायचं, तर ४ टनांचा हट्ट मोडावाच लागतो. शेवटी तिघे जण यानाबाहेर आले, तीन बाजूंना उभे राहिले आणि योग्य क्षणाची वाट पाहून त्यांनी तो हातांनी धरला.

समीकरण उलट बाजूनंही वाचता येतं, आणि तसं वाचलं की त्याचा माणसाच्या जिवाशी असलेला संबंध कळतो. एखादी मोटार ताशी ५० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळली, तर आतल्या ७० किलोग्रॅमच्या माणसाचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटरवरून शून्यावर यायलाच हवा. यातून सुटका नाही. आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हे किती वेळात व्हावं. डॅशबोर्डवर डोकं आपटून सेकंदाच्या शंभराव्या भागात सगळं संपलं, तर सरासरी बल जवळजवळ ९८,००० न्यूटन होतं. पट्टा आणि एअरबॅग यांनी तोच बदल सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लांबवला, तर ते ९,८०० न्यूटनवर येतं. तेही कमी नाही, पण माणूस बहुधा वाचतो. मोटारीचं नाक चुरगाळेल असंच बनवलेलं असतं, तेही हा वेळ मिळवण्यासाठी. ‘जुन्या गाड्या कशा दणकट होत्या, धडकल्या तरी पोचा यायचा नाही’ असं कौतुकानं बोललं जातं. पत्रा दबला नाही म्हणजे थांबायला वेळ मिळाला नाही, आणि त्याची किंमत आतल्या शरीरानं मोजली. पट्टा लावायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे सांगावेत असं मला मनापासून वाटतं.

वेळ लांबवण्याची दुसरी बाजू तितकीच सुंदर आहे. २००७ साली सोडलेल्या ‘डॉन’ या अवकाशयानाचं आयन इंजिन (विद्युतभारित कण मागे फेकून रेटा देणारं) जास्तीत जास्त सुमारे ०.०९ न्यूटन एवढाच जोर लावू शकत होतं. तळहातावर ठेवलेल्या दोन कागदांचा भार तेवढा असतो. यान होतं बाराशे किलोग्रॅमच्या घरात. त्वरण काढा, ०.००००७५ येतं. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरच्या जवळ जायलाच चार दिवस लागायचे. पण हे इंजिन मिळून काही वर्षं चालू राहिलं आणि त्यानं यानाच्या वेगात एकूण सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा जास्त बदल घडवला. त्या जोरावर डॉन २०११ मध्ये व्हेस्टा या लघुग्रहाला आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाला पोचलं. जमा किती लहान आहे यापेक्षा ती किती काळ पडत राहते, हे तिथे निर्णायक ठरलं.

माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटची गोष्ट याच्या उलट. उड्डाणाच्या वेळी त्याचं वस्तुमान सुमारे २,९०० टन होतं. इंजिनांचा रेटा प्रचंड, पण त्यातला बराचसा नुसतं वजन पेलण्यातच जायचा, त्यामुळे सुरुवातीचं त्वरण जेमतेम २. म्हणूनच जुन्या चित्रफितींत ते इतकं सावकाश, जड पावलांनी उठताना दिसतं. पहिला टप्पा दर सेकंदाला साधारण १३ टन इंधन व ऑक्सिजन फेकायचा. वस्तुमान घटत जाई, रेटा कमी होत नसे, आणि त्वरण वाढत वाढत इतकं होई की आतल्या माणसांवर आणि यानावर फार ताण येऊ नये म्हणून पाचातलं मधलं इंजिन आधीच बंद करावं लागे.

प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाणाऱ्या कणांना हे समीकरण जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे १९०५ मधल्या आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची गरज लागते. मोटार, विमान, रॉकेट यांच्या वेगाला तो फरक लक्षातही येत नाही.

एक प्रश्न मात्र राहतो, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत खोल वाटतो. जड वस्तू हट्टी असते, मग ती हलक्या वस्तूइतक्याच त्वरणानं कशी पडते? आकडे सोपे आहेत. १ किलोग्रॅमला पृथ्वी ९.८ न्यूटननं ओढते, १० किलोग्रॅमला ९८ न्यूटननं. दहापट ओढ, दहापट हट्ट, भागाकार दोन्हीकडे ९.८. हवेचा अडथळा नसेल तर पीस आणि हातोडा बरोबरच पडायला हवेत. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५चा डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा राहून हेच करून दाखवत होता. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस. दोन्ही एकदम सोडली, दोन्ही एकदम टेकली.

पण ओढ आणि हट्ट बरोबर एकाच प्रमाणात का वाढावेत? हे दोन वेगळे गुण आहेत. एक सांगतो पृथ्वी वस्तूला किती ओढते, दुसरा सांगतो वस्तू किती विरोध करते. न्यूटननं सोनं, शिसं, काच, लाकूड अशा निरनिराळ्या पदार्थांचे लंबक झुलवून फरक शोधला, सापडला नाही. २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ या उपग्रहानं टायटॅनियमच्या आणि प्लॅटिनमच्या वेगवेगळ्या मिश्रधातूंची नळकांडी कक्षेत ‘पडू’ देऊन तपासली. २०२२ मध्ये अंतिम निकाल आले, आणि हजार लाख कोटीत एक भाग इतक्या बारकाईनंही फरक दिसला नाही. आइन्स्टाइननं १९०७ मध्ये याच समानतेचा धागा पकडला होता. मोकळेपणी पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही, हा विचार त्याला सुचला आणि तिथून पुढे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा राहिला.

हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. फोनमध्ये त्वरणमापक असतो, त्याचे आकडे दाखवणारी ॲप मिळतात. फोन टेबलावर निवांत पडलेला असताना आकडा दिसतो ९.८च्या आसपास. तोच फोन चालू नोंदीसकट हातभर उंचीवरून जाड गादीवर पडू द्या आणि मग आलेख पाहा. पडतानाच्या त्या क्षणभरात रेषा शून्याजवळ उतरलेली असते. फोनच्या पोटात लवचीक पट्ट्यांनी धरलेला एक सूक्ष्म तुकडा असतो, आणि फोन मोजतो ती त्या तुकड्याची भोवतालच्या चौकटीपासून झालेली सरक. टेबलावर चौकटीला टेबल वर उचलून धरतं आणि तुकडा पट्ट्यांना ताणून खाली लोंबतो. पडताना तुकडा आणि चौकट एकाच त्वरणानं पडतात, त्यामुळे पट्ट्या जराही ताणल्या जात नाहीत. गादीवर टेकताच आलेखात उंच टोक उमटतं, तो गचका.